हरवलं तर कुठं थांबायचं?

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक व माध्यमिक), जिल्हा परिषद, सोलापूर,
मा. प्रशासनाधिकारी, शिक्षण विभाग, सोलापूर महानगरपालिका,
आणि शहरातल्या सर्व शाळांचे मुख्याध्यापक

सप्रेम नमस्कार.

अशोक चौकाच्या बाजूला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. आठ बाय दहाचं. पुढं काउंटर, मागं कव्हरांची भिंत, मधे मी. शिक्षणातलं मला काही कळत नाही आणि मुलांना वळण कसं लावावं हे तुम्हाला सांगायचा माझा अधिकारही नाही. पण शाळा सुटली की तुमचीच मुलं माझ्या काउंटरला कोपर टेकून उभी असतात. तुमच्यापुढं जे बोलत नाहीत, ते कधीकधी माझ्याकडं बोलून जातात. नवीन वर्ष आत्ताच सुरू झालंय, वेळापत्रकं अजून पक्की झाली नसतील, म्हणून आत्ताच लिहितोय.

फेब्रुवारीत एक मुलगा आला. आठवीतला असेल. हातात आईचा फोन, डिस्प्ले फुटलेला.

"पडला का?"

"हो काका, पडला."

पडलेले फोन मी रोज बघतो. फोन पडतो तो कोपऱ्यावर, आणि तडा त्या कोपऱ्यातून पसरत जातो. ह्याचा तडा बरोबर मधोमध होता. एकाच जागी दोन-तीनदा काहीतरी आपटल्यासारखा. बॉडीला मात्र कुठं ओरखडासुद्धा नाही. मी काही बोललो नाही. कॉम्बो, म्हणजे काच नि डिस्प्ले एकत्र, बदलायला चौदाशे लागतील एवढंच म्हणालो. त्यानं खिशातून दोनशे काढून काउंटरवर ठेवले. "बाकीचे हप्त्यानं देतो काका. पण अम्मा विडी कारखान्याच्या ब्रँचला गेलीय विड्या द्यायला, ती यायच्या आत द्या."

काच बसवली, फोन सुरू केला. व्हॉट्सॲप गायब. "टाकून देऊ का?" म्हटलं तर "नको" म्हणाला, आणि इतक्या घाईनं म्हणाला की मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

मग हळूहळू निघालं. परीक्षेच्या तोंडावर शाळेनं वर्गाच्या पालक ग्रुपवर फी बाकी असलेल्या मुलांची यादी टाकली होती. नाव, तुकडी, रक्कम. ह्याचं नाव चौथं. तासाभरात कुणीतरी त्या ओळीचा स्क्रीनशॉट कापला, स्नेहसंमेलनाच्या फोटोतून ह्याचा चेहरा उचलला आणि स्टिकर तयार केलं. चेहरा, आणि खाली 'बाकी 3200'. पोरांच्या ग्रुपवर कुणी काहीही बोललं की उत्तर म्हणून ते स्टिकर. क्रिकेटचा स्कोअर विचारला, स्टिकर. उद्या गणिताचा पेपर आहे का, स्टिकर. वर्गात ह्यानं पेन मागितलं तर "बाकी ठेवू नको बे". अकराव्या दिवशी ह्यानं घरातला बत्ता घेतला आणि फोनवर घातला.

मी त्या स्टिकरचा बराच विचार केला. ज्या पोरानं ते बनवलं त्याच्याकडं स्वतःचं असं काय होतं? फोटो शाळेच्या ग्रुपवर आलेला. नाव शाळेनं दिलेलं. रक्कमही शाळेनंच. पोरानं फक्त तिन्ही एकत्र चिकटवलं. शाळेचं नाव मी लिहीत नाही. अशी यादी टाकणारी ती एकटी शाळा नाही, आणि यादी टाकणाऱ्या क्लार्कच्या मनात वाईट काही असेल असंही मला वाटत नाही. वरून फीची वसुली विचारली जाते, खाली ग्रुप हाताशी असतो. पूर्वी अशी यादी नोटीस बोर्डवर लागायची, तीही वाईटच. पण ती संध्याकाळी पावसात भिजायची. बोर्डावरची यादी कुणी घरी नेऊन तिचं स्टिकर करत नव्हतं.

"सरांना का नाही सांगितलंस?"

"सर म्हणतील, मोबाईल वापरतोच कशाला."

"आणि अम्माला?"

"ती फोनच काढून घेईल."

ह्या दोन उत्तरांसाठी मी हे पत्र लिहितोय. बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे.

जानेवारीत गड्डा भरतो. होम मैदानावर सिद्धेश्वराच्या यात्रेला अख्खं सोलापूर लोटतं. मुलाला तिथं नेताना आपण काय करतो? खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी घालतो. "हात सोडू नको" म्हणतो, आणि लगेच पुढं म्हणतो, "हरवलास तर पाळण्यापाशी थांब, नाहीतर पोलीसमामाच्या मंडपात जा." हात सुटणारच, हे आपल्याला माहीत असतं. स्पीकरवरून दर पाच मिनिटाला कुणाचं ना कुणाचं पोरगं सापडल्याचं सांगत असतात. हरवलेलं पोरगं मिळालं की आई आधी एक धपाटा घालते आणि मग छातीशी धरते, तेही आपण बघितलंय. पण धपाट्याच्या भीतीनं पोरगं मंडपाकडं जायचंच टाळतंय, असं होत नाही. त्याला पक्कं ठाऊक असतं, की तिथं गेलं तर घरी जायला मिळेल.

मोबाईलच्या गड्ड्यावर आपण फक्त पहिलं वाक्य सांगतो. हात सोडू नको. अनोळखी लिंक उघडू नको, अनोळखी माणसाशी बोलू नको, पासवर्ड सांगू नको. हरवलास तर कुठं थांब, हे कुणी सांगतच नाही.

शाळांत काही होत नाही असं मी म्हणणार नाही. वर्षातून एकदा सायबर पोलिसांचं व्याख्यान असतं. माझ्या भाच्याच्या शाळेतलं मी बघितलंय, मला साऊंड सिस्टिमची वायर जोडायला बोलावलं होतं. मैदानात चारशे मुलं, साडेअकराचं ऊन, प्रोजेक्टरवरचं काही दिसत नाही. आलेले साहेब चांगले होते, कळकळीनं बोलले. शेवटी म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय?" चारशे मुलांत, मागं मुख्याध्यापक उभे असताना, कोण हात वर करणार आहे? एका पोरानं केला. त्यानं विचारलं, "सर, तुमच्याकडं खरी बंदूक असते का?"

माझी पहिली मागणी साधी आहे. प्रत्येक शाळेनं मुलांना तोंडी, वर्गात, वर्गशिक्षकाच्या आवाजात एक वचन द्यावं: मोबाईलवर काही वाईट घडलं आणि तू येऊन सांगितलंस, तर सांगितल्याबद्दल तुला शिक्षा होणार नाही आणि तुझा फोन काढून घ्या असं आम्ही तुझ्या घरी सांगणार नाही. आणि कुणाकडं यायचं, ते नाव सांगावं. 2022 च्या शासन निर्णयाप्रमाणं शाळांत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. कागदावर ती असेलही. मुलांना विचारून बघा, त्यात कोण बाई आहेत ते. नाव माहीत असेल तर हे पत्र फाडून टाका.

'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका. हे मला एका वकील गिऱ्हाईकानं समजावलं, त्यांचा चार्जिंग जॅक बदलता बदलता. मुलाच्या लैंगिक छळाचं प्रकरण असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणं ते कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं दाबलं तर त्यालाच शिक्षा आहे. म्हणजे 'शाळेचं नाव खराब होईल, आपापसात मिटवू' हा रस्ता कायद्यानंच बंद केलाय. मुलाला खरं ते सांगावं: मला हे आणखी एक-दोन माणसांना सांगावं लागेल, पण कुणाला आणि कधी ते आधी तुला सांगून. मुलं एवढं समजून घेतात. खोटं वचन मोडलेलं मात्र विसरत नाहीत.

दहावी-अकरावीतली एक मुलगी दोनदा दुकानात येऊन कव्हरं बघून गेली. तिसऱ्यांदा दुकान रिकामं होईपर्यंत थांबली. मग विचारलं, "काका, दुसऱ्याच्या मोबाईलमधला फोटो आपल्याला पुसता येतो का? माझ्या मैत्रिणीचं विचारतेय."

मैत्रिणीचंच असतं नेहमी. मी तिला मैत्रिणीचं म्हणूनच उत्तर दिलं. दुसऱ्याच्या फोनमधलं मला पुसता येत नाही आणि 'पुसून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नकोस, तो दुसरा चोर. धमकी देणाऱ्यालाही पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की तो उद्या परत मागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मैत्रिणीला सांग, काही डिलीट करू नको म्हणावं. मुलं घाबरली की पहिलं तेच करतात. चॅट पुसतात, ॲप काढून टाकतात, कधी फोनच रीसेट करून आणतात माझ्याकडं. म्हणजे त्या हरामखोराविरुद्ध जो काही पुरावा होता तो आपल्याच हातानं धुवून टाकला. स्क्रीनशॉट घ्यावा, त्यात तारीख-वेळ दिसावी, आणि त्याच्या खात्याची लिंक कॉपी करून ठेवावी, कारण तो नाव नि फोटो केव्हाही बदलतो. त्यानंतर ब्लॉक.

मग मी तिला 1098 लिहून दिला. मुलांसाठीची हेल्पलाइन, कधीही लागते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बायका-मुलांच्या संदर्भातली तक्रार नाव न देताही करता येते, हेही सांगितलं. आणखी एक गोष्ट मला स्वतःलाही उशिरा कळली. 'टेक इट डाउन' नावाची एक फुकट सोय आहे, अठरा वर्षांखालच्यांच्या उघड्या अंगाच्या फोटोंसाठी. फोटो कुठं पाठवावा लागत नाही, तो आपल्याच फोनमध्ये राहतो. त्या फोटोवरून आकड्या-अक्षरांचा एक ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा जातो. इन्स्टाग्राम-फेसबुकसारख्या ज्या कंपन्या त्यात सामील आहेत, त्या आपल्याकडं तसाच ठसा जुळतो का बघून फोटो काढून टाकतात. हल्ली एआयनं चेहरा दुसऱ्याच अंगावर चिकटवतात, त्यालाही ते चालतं.

चिठ्ठी घेऊन ती गेली. पुढं काय झालं, मला माहीत नाही. पण एखाद्या मुलीला हे विचारायला शाळेतल्या बाईंपेक्षा मोबाईलवाला काका बरा वाटावा, ह्यात काहीतरी चुकतंय. मी बरा निघालो, हा तिचा योगायोग. माझ्या धंद्यात सगळेच बरे नाहीत. म्हणून मुलांना हेही शिकवा: फोन दुरुस्तीला देताना सिम आणि मेमरी कार्ड काढून द्यायचं, पॅटर्न गरज असेल तरच सांगायचा, फोनमध्ये मेंटेनन्स मोड (दुरुस्तीवेळी आपले फोटो-मेसेज झाकून ठेवणारी सोय) असेल तर तो लावायचा आणि जमलं तर समोर उभं राहून काम करून घ्यायचं. हे छापून माझं नुकसान झालं तर होऊ दे.

आता थोडं वागण्या-बोलण्याचं. सुरक्षेपेक्षा हे जास्त रोजचं आहे आणि शिकवायला जास्त मजेचंही.

आपल्या सोलापुरात 'बे' शिवाय वाक्य संपत नाही. "काय बे", "ये की बे", "गप बे". समोरासमोर त्यात अर्धं प्रेम असतं. पण मोबाईलवर लिहिलेल्या 'काय बे'ला चेहरा नसतो. माझ्या पोराचा पुण्यातला मावसभाऊ एकदा महिनाभर रुसला होता. ह्यानं त्याला वाढदिवसाला लिहिलं होतं, 'म्हातारा झालास की बे'. तिकडं ते शिवीसारखं लागलं. हे वर्गात करून बघा, मोबाईल लागत नाही, नेट लागत नाही. फळ्यावर फक्त लिहा: 'बरं ये.' आणि पाच मुलांना वाचायला लावा. एक आनंदानं म्हणेल, एक कंटाळून, एक धमकी दिल्यासारखं. शब्द तेच. मग विचारा, पाठवणाऱ्यानं यातलं कुठलं पाठवलं होतं? त्या पंधरा मिनिटांत जे शिकवून होईल ते तासाभराच्या पीपीटीनं होणार नाही.

शिवाय आपल्या वर्गांत चार भाषा असतात. घरी तेलुगू, गल्लीत दखनी, मामाकडं कन्नड, शाळेत मराठी. पोरं टोमणा मारायला बरोबर ती भाषा निवडतात, जी सरांना येत नाही, आणि तीही इंग्रजी अक्षरांत. चॅट वाचून सरांना वाटतं, किती गोडीगुलाबीनं बोलताहेत. तेव्हा असं काही तपासायची वेळ आली तर ती भाषा येणाऱ्या बाईंना शेजारी बसवा. कंपनीच्या रिपोर्ट बटणावर विसंबू नका.

आणि फॉरवर्ड. ह्या एका शब्दाची किंमत आपल्या जिल्ह्याइतकी कुणी मोजली नसेल. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, आणि त्यांत आपल्या मंगळवेढा तालुक्यातले लोक होते. त्याआधी कित्येक दिवस मोबाईलवर मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज फिरत होते. माझ्याही फोनवर आले होते. खोटं कशाला बोलू, त्यातला एक मी पुढं पाठवला होता. 'खबरदारी म्हणून', असं वर लिहून. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. पाच ठिकाणीसुद्धा पुरतात. तुमच्या नागरिकशास्त्राच्या तासाला सोलापूर जिल्ह्यातल्या मुलांनी हे ऐकलंच पाहिजे, कुठल्या लांबच्या गोष्टीसारखं नाही, आपल्या घरचं म्हणून. आणि पुढं पाठवण्याआधी 'बाई, हे खरं आहे का हो?' असं विचारायला त्यांना कुणीतरी असलं पाहिजे. फिरून तीच गोष्ट येते, बघा.

काही पालक म्हणतात, मोबाईलच बंद करा. ऑस्ट्रेलियानं डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्यांची सोशल मीडियाची खाती बंद करायला कंपन्यांना भाग पाडलं, तसं आपल्याकडं करा. करतील तेव्हा करतील. सध्या काय चाललंय ते सांगतो. इन्स्टाग्रामला तेरा वर्षं पूर्ण लागतात. माझ्याकडं येणाऱ्या सातवीतल्या बहुतेक पोरांची तिथली जन्मतारीख आहे 1 जानेवारी 2000. म्हणजे कंपनीच्या लेखी तो पंचविशी ओलांडलेला बाप्या. त्यामुळं लहान मुलांच्या खात्याला आपोआप जी कुलपं लागतात, म्हणजे खातं खाजगी राहणं, अनोळखी माणसाचा मेसेज न येणं, त्यातलं एकही त्याला लागत नाही. वय चोरून मुलानं स्वतःचीच कडी काढून ठेवलेली असते. हे सांगितलं की मुलं गप्प होतात, कारण हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आणि आपल्या वस्तीत मोबाईल मुलाचा असतोच कुठं? फोन आईचा, सिम आईच्या नावाचं, बँकेचं खातं त्याच नंबरला जोडलेलं. बंद करायचा कुणाचा?

इथंच मला वाटतं की आपण मुलांकडं उलट बाजूनं बघतो. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर कांड्या भरणाऱ्या कितीतरी घरांत वाचता-लिहिता येणारा एकच माणूस असतो, आणि तो सातवी-आठवीत असतो. लाडकी बहीणचं केवायसी तोच करतो, गॅसचा नंबर तोच लावतो, आईचा पिन त्यालाच पाठ. घरातला बँक मॅनेजर तोच आहे. त्याला फक्त 'तू बळी पडशील' असं सांगत बसलो तर तो ऐकणार नाही. 'घराची राखण तुझ्याकडं आहे' असं सांगून बघा.

आणि काय शिकवायचं? दोन गोष्टी शिकवल्या तरी माझ्या दुकानातली अर्धी रड कमी होईल. एक, पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. 'स्कॉलरशिप जमा करतोय, पिन टाका' म्हणणारा पैसे काढून घेतोय. दुसरी, लग्नपत्रिका. व्हॉट्सॲपवर ओळखीच्याच नंबरवरून पत्रिका येते, पण फाइलच्या शेवटी एपीके लिहिलेलं असतं. ती पत्रिका नसते, ते ॲप असतं. उघडून हो-हो म्हणत गेलं की बँकेचे ओटीपी आपल्याआधी त्या चोराला दिसतात, आणि तीच पत्रिका तुमच्या नावानं तुमच्या सगळ्या पाव्हण्यांना जाते. लग्नसराईत असे फोन माझ्याकडं येतात. विडी घरकुलातली एक मावशी मला म्हणाली, "भाऊ, आमंत्रण आलं, नाही कसं म्हणू?" ह्याला काय उत्तर देणार. पण तिच्या शेजारी तिचा नातू उभा होता. त्याला शाळेत कुणी एपीके म्हणजे काय ते सांगितलं असतं, तर त्यानं आजीचा हात धरला असता.

जिल्ह्यात ह्याचं कौतुक व्हायला हवं की पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडायचा प्रयोग आपल्याच परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी केला, आणि 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार माढा तालुक्यात आला. आज मुलाच्या आयुष्यातला पहिला क्यूआर कोड बहुतेक पुस्तकातलाच असतो. मग त्याच धड्याशेजारी दोन वाक्यं सांगून टाका की. पुस्तकातला चौकोन कविता उघडतो, दुकानातला चौकोन आईचं खातं उघडतो. स्कॅन केल्यावर वर कुणाचं नाव आलंय ते वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही.

पैसे गेलेच तर 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम मधेच गोठवता यायची आशा जास्त. दुसऱ्या दिवशीपर्यंत पैसे चार खाती फिरून गेलेले असतात. सोलापूरच्या मुलांना हा आकडा पाठ करायला लावायची गरजच नाही. 1930 साली इंग्रजांनी ह्याच शहरात मार्शल लॉ पुकारला आणि 12 जानेवारी 1931 ला आपल्या चौघांना फासावर चढवलं. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून मुलं रोज शाळेला जातात. इतिहासाच्या बाईंनी एकदा सांगितलं की संपलं.

आता तुमच्याकडं, साहेब.

शिक्षक माझे गिऱ्हाईक आहेत. त्यांच्या फोनची मेमरी सतत भरलेली असते आणि ती कशानं भरलेली असते ते मला दिसतं. वृक्षारोपणाचा फोटो, हात धुण्याचा फोटो, पोषण आहाराच्या ताटांचा फोटो, ठिकाण नि वेळ छापलेला. प्रत्येकात मुलांचे चेहरे. ते केंद्राच्या ग्रुपवर जातात, तिथून तालुक्याच्या, तिथून आणखी कुठं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरलाय आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं म्हटलंय. तुमच्या एका ग्रुपवर रोज किती संमत्या लागतील, मोजा. फोटो मागवणं कमी करा. मागवायचाच तर मुलं पाठमोरी चालतील, झाड तर समोरूनच दिसतं.

फीची यादी, नापासांची यादी, गैरहजेरीची यादी ग्रुपवर टाकायला लेखी मनाई करा. ज्याचं त्याला फोनवर सांगा. एक परिपत्रक लागेल, तुम्ही काढता त्यापेक्षा लहान.

त्या आठवीतल्या मुलाच्या शाळेनं काय केलं, तेही सांगतो. प्रकरण कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, तेव्हा त्यांनी पालक ग्रुपला 'फक्त ॲडमिन' करून टाकलं. ॲडमिनवर केस होते, अशी भीती. सदस्यानं टाकलेल्या मजकुराला निव्वळ ॲडमिन म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्येच सांगितलंय. आणि इथं तर यादी ॲडमिननंच टाकली होती! ग्रुप गप्प झाला, यादी तिथंच राहिली. मुलाला कुणी 'चुकलं आमचं' म्हणालं नाही. म्हणाले असते तर त्या वर्गातल्या पन्नास मुलांनी मोबाईलवर माफी कशी मागायची ते एकदाच, फुकटात, शिकून घेतलं असतं.

पालकसभा घेणार असाल तर दोन विनंत्या. नळाला पाणी यायच्या दिवशी ठेवू नका, बायका येणार नाहीत. आणि तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारं कुणीतरी माईकवर असू द्या. त्याहून बरं, विडीच्या ब्रँचवर जाऊन अर्धा तास बोला. माल देऊन नोंद होईपर्यंत बायका तिथं बसूनच असतात. त्यांना एवढंच सांगा: पोरगं येऊन काही सांगू लागलं तर फोन हिसकावू नका, आधी ऐका. धपाटा नंतर घाला हवा तर.

त्या मुलाचे अजून सहाशे यायचेत. दर शनिवारी पन्नास आणून देतो, वहीत लिहून घेतो, स्वतःच बेरीज करतो. गेल्या शनिवारी मी म्हटलं, राहू दे रे बाकीचे. तर म्हणाला, "नको काका. बाकी नको."

माझ्या ड्रॉवरमध्ये सहा जुने फोन पडून आहेत. सिम नाही, नेट नाही, पण चालतात. कुणा वर्गाला खोटी पत्रिका, खोटी लिंक, खातं खाजगी कसं करायचं हे हातात धरून बघायचं असेल तर मी घेऊन येतो. पैसे नकोत. सोमवारी दुकान बंद असतं, त्या दिवशीचं कुठल्याही तासाचं कळवा. चारशे मुलांना एकदम बसवू नका मात्र. एका वेळी एक तुकडी.

आपला,
अशोक चौकातला एक मोबाईल दुरुस्तीवाला
सोलापूर